झाडू जरा भिंतीला टेकवून ठेवा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बँकेतून निवृत्त, वय ६३. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची चाळीस फ्लॅटची सोसायटी आहे. कंपाउंडला लागून महावितरणचा डीपी आहे आणि त्याच्या पायथ्याशी कायमचा उकिरडा. दिवाळीनंतर आम्ही सात जणांनी गाडगेबाबांच्या फोटोला हार घालून दर रविवारी तो कोपरा झाडायला सुरुवात केली. दोन-दोन तास खपतो. सोमवारी रात्री पहिली पिशवी पडते, बुधवारपर्यंत जैसे थे. आता आम्ही तिघंच उरलो आहोत. परवा एकाने स्कूटरवरून जाता जाता विचारलं, "काका, महापालिका किती पगार देते?" बायको म्हणते, "घरातला माळा आवरायचा म्हटलं की कंबर दुखते, तिथे बरी दुखत नाही."

त्यात एक भानगड झाली. एक बाई पिशवी टाकत असताना मुलाने व्हिडिओ काढला आणि गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "ओळखा पाहू" म्हणून टाकला. त्या आमच्याच बी विंगमध्ये धुणीभांडी करणाऱ्या ताई निघाल्या, आणि पिशवी आमच्याच एका सभासदाच्या घरची. आता त्या ताई कामाला येत नाहीत आणि ते सभासद माझ्याशी बोलत नाहीत. सोसायटीच्या पैशांतून तिथे कॅमेरा बसवावा, असं काहींचं म्हणणं आहे. मला तर सगळंच सोडून द्यावंसं वाटतंय. सोडू का?

— रविवारचा झाडूवाला, पुणे


नमस्कार.

रविवारचं झाडणं खुशाल सोडा. कोपरा मात्र सोडू नका. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुमची दमछाक त्या एकच धरल्यामुळे झाली आहे.

पण आधी व्हिडिओचं बघू. तो आजच्या आज काढायला लावा. नुसता गुपचूप काढून भागणार नाही. तुमच्या चिरंजीवांनी त्याच ग्रुपवर लिहावं की हा व्हिडिओ टाकायला नको होता आणि त्यातल्या ताईंचा काही दोष नव्हता. ज्या चारचौघांत अब्रू गेली, त्याच चारचौघांत ती परत द्यावी लागते. मग दोघं बापलेक त्या ताईंकडे जा, माफी मागा, आणि या प्रकाराने त्यांची किती कामं सुटली ते विचारा. जी सुटली असतील ती परत मिळवून देण्यासाठी सोसायटीत शब्द टाकणं तुमच्याकडे लागलं. अबोला धरलेल्या सभासदांकडे त्यानंतर गेलात तरी चालेल. पिशवी त्यांची होती, त्यामुळे त्यांना थोडं थांबायला हरकत नाही.

आता एक गंमत बघा. त्या घरातून कामवाल्या ताईंच्या हातात पिशवी का दिली गेली असेल? बहुधा कचरा न्यायला येतात त्या वेळी दार उघडायला घरात कोणी नसतं. नवरा-बायको आठला बाहेर, मुलं शाळेत. ताई निघताना "जाता जाता तेवढी टाका" म्हणून पिशवी हातात, आणि वाटेत डीपी. म्हणजे तुमच्या ढिगाऱ्यातल्या निदान काही पिशव्यांचं कारण तुम्हाला आयतं सापडलं होतं. तुम्ही शोधलं ते "कोण". "का" हे विचारायचं राहून गेलं.

म्हणून माझा सल्ला असा: पुढचे दोन-तीन आठवडे झाडू भिंतीला टेकवून ठेवा आणि फक्त बघा. सकाळी साडेसहा ते आठ आणि रात्री साडेनऊ ते साडेअकरा. उकिरडे वाढतात ते बहुतेक या दोन वेळांत. गॅलरीत खुर्ची टाका, चहा घ्या, एक वही ठेवा. वहीत नावं नकोत. किती वाजता, काय, पायी की गाडीवरून, एवढंच. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला नोंदी कशा ठेवाव्यात हे मी काय सांगणार!

पिशव्या उघडून बघू नका. कुत्री ते काम करतातच. विखुरलेलं लांबून पाहिलं तरी पुष्कळ कळतं. कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा आणि डायपर असतील तर कचरा घरचा. अंड्यांची टरफलं आणि उरलेल्या नूडल्स ढिगाने असतील तर ती रात्रीची हातगाडी. पार्सलचे डबे आणि बिअरच्या बाटल्या असतील, तर जवळपास कॉट बेसिसवर राहणारी पोरं, ज्यांच्या खोलीवर कचरा घ्यायला कोणी येतच नाही आणि घरमालकाने त्याची सोय करायचा विचारही केलेला नाही. फुटक्या फरशा आणि प्लास्टरचे तुकडे म्हणजे कुणाच्या तरी बाथरूमचं नूतनीकरण. आणि एक प्रकार आपल्याकडे हमखास असतो: वेगळ्या पिशवीत, नीट गाठ मारून ठेवलेलं निर्माल्य. देवाची फुलं कचऱ्याच्या बादलीत टाकायला मन धजत नाही, नदी लांब पडते, मग ती झाडाखाली किंवा डीपीखाली येतात. ती ठेवणारी व्यक्ती स्वतःच्या मते कचरा टाकतच नसते. तिला दंडाची भीती घालून काय उपयोग? सोसायटीत निर्माल्याचा एक वेगळा पिंप ठेवा, त्याचं खत करा, आणि तसं प्रत्येक मजल्यावर सांगा. ती पिशवी यायची थांबेल.

यातल्या प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. तुम्ही रविवारी एकच औषध सगळ्यांना देत होतात, आणि तेही त्यांच्या गैरहजेरीत.

गाडगेबाबांच्या फोटोला हार घातलात, चांगलं केलंत. पण बाबांचं अर्धंच काम उचललंत. बाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहायचे. त्या कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्न जास्त असत. समोरच्या माणसांना ते विचारत सुटायचे, आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. हातात झाडू घेतलेल्या माणसाला तसं विचारायचा अधिकार मिळतो. इतके महिने झाडून तो तुम्ही मिळवला आहे, फक्त वापरलेला नाही. हातगाडीवाल्याकडे एकदा भुर्जी खा आणि विचारा, रात्री गाडी आवरल्यावर कचरा कुठे टाकता, न्यायला कोणी येतं का. कॉट बेसिसच्या घरमालकाला विचारा. सूर मात्र चौकशीचा ठेवा, झडतीचा नको.

सगळ्यात आधी गाठायची व्यक्ती तर तुमच्या दारात रोज येते. पुण्यात पुष्कळ भागांत घरोघरचा कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद गोळा करतात. १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ही संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून ती हे काम करते. तुमच्याकडे जी ताई येत असेल, तिला कुठलं घर कचरा देतं, कुठलं देत नाही, कोण महिन्याचे पैसे द्यायला नको म्हणून पिशवी बाहेर नेऊन टाकतं, हे सगळं तोंडपाठ असतं. पण ते तिला विचारणार कोण? तिला खुर्ची द्या, पाणी द्या आणि विचारा. वेळेचा प्रश्न बराचसा तिच्याशी बोलूनच सुटतो. ज्यांच्याकडे सकाळी कोणी नसतं, त्यांनी झाकणाची बादली दाराबाहेर ठेवायची, किंवा शेजाऱ्यांनी ती पुढे करायची, एवढ्यावरही भागतं. आणि तुम्ही कोपऱ्यातून गोळा केलेल्या बाटल्या, पुठ्ठे, पत्रा तिलाच द्या. सुक्या कचऱ्याची विक्री ही तिची कमाई आहे. काही उत्साही गट ते भंगार विकून त्यात चहा-वडापाव करतात. मला ते बघवत नाही.

आता महापालिका. जिथे कचरा पुन्हा पुन्हा साचतो त्या जागेला पुण्यात पालिकेची माणसं 'क्रॉनिक स्पॉट' म्हणतात. तुमचा डीपी त्यांच्या यादीत आहे का, हे भागाच्या आरोग्य निरीक्षकाला विचारा. त्याआधी आरोग्य कोठीवर, म्हणजे पालिकेच्या सफाई कामगारांची हजेरी लागते तिथे, सकाळी लवकर जाऊन मुकादमाला भेटा. तुमची गल्ली कोणाच्या झाडणकामात येते, उचलायची गाडी किती वाजता फिरते, आणि कोपरा वगळला जात असेल तर का, एवढं कळलं तरी पुष्कळ. तक्रारीचा अर्ज पहिल्याच भेटीत पुढे करू नका. कारण साधं असू शकतं. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात, कचऱ्याची गाडी आत वळत नाही, म्हणून कोपरा राहतो. ते कारण सोसायटीच्या हातात आहे, पालिकेच्या नाही.

इथे जरा स्पष्ट बोलते, रागावू नका. आपल्यासारख्यांनी रविवारी हातमोजे घालून झाडू मारला की कौतुक होतं, फोटो निघतात. तोच रस्ता रोज झाडणाऱ्या माणसाचं नाव गल्लीत कुणाला माहीत नसतं, आणि तो बहुतेकदा कुठल्या समाजातून येतो हे सगळ्यांना माहीत असतं. स्कूटरवाल्याने तुम्हाला पगार विचारला, त्यात टोमणा काय होता ते नीट बघा: पगारासाठी हे काम करणं त्याच्या लेखी कमीपणाचं आहे. तुम्हाला ते लागलं, याचा अर्थ थोडंफार तुमच्याही लेखी आहे. त्या झाडणाऱ्या माणसाची ओळख करून घ्या. तो नसताना त्याचं काम फुकटात करत राहिलात, तर कोपरा त्याच्या कामातून अलगद निघून तुमच्या गळ्यात पडेल, आणि तुम्ही थकलात की कुणाचाच राहणार नाही.

मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सफाई सुरू केली. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी त्यांना 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' म्हणून गौरवलं. एवढं होऊनही नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी मोहीम थांबवल्याचं जाहीर केलं होतं. गुंडगिरीचा त्रास होताच, पण गोळा केलेला कचरा किनाऱ्यावरून उचललाच जात नव्हता, ही त्यांची मोठी तक्रार होती. आश्वासनं मिळाल्यावर काम पुन्हा सुरू झालं. जगभर नाव झालेल्या माणसाचीही गाडी उचलण्यापाशी अडली. तेव्हा पुढच्या वेळी हातात झाडू घ्यायच्या आधी, भरलेली पोती कोण आणि किती वाजता नेणार हे मुकादमाकडून पक्कं करून घ्या. रविवारी ते जमत नसेल तर रविवार सोडा. वार आपला, सोय पालिकेची, असं चालत नाही.

बघून झालं, बोलून झालं, की मग एक दिवस ठरवून कोपरा साफ करा आणि त्याच दिवशी त्याचं रूप बदला. बंगळूरमध्ये 'द अग्ली इंडियन' नावाचा एक गट २०१० पासून हेच करतो. नावं सांगत नाहीत, भाषण देत नाहीत, "काम चालू, मुंह बंद" हे त्यांचं ब्रीद. ते आधी जागेचा अभ्यास करतात, मग झाडून, भिंत रंगवून, कुंड्या ठेवून काही तासांत ती जागा ओळखू येणार नाही अशी करतात. तुमची जागा डीपीची आहे, म्हणून जास्त जपून. रंग फक्त तुमच्या कंपाउंडच्या भिंतीला. डीपीच्या जाळीला हात लावायचा नाही, आत कुंड्या ठेवायच्या नाहीत, पाणी मारायचं नाही. महावितरणच्या कार्यालयात आधी सांगून ठेवा. आणि कुणी कितीही म्हणो, पालापाचोळा तिथे पेटवू द्यायचा नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल असतं. शिवाय उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये ५,००० रुपये भरपाई ठरवून दिलेली आहे, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,०००. पाला हा कचरा नाहीच. पुण्यात बागकाम करणारी मंडळी तो पोत्याने मागून नेतात.

त्या दिवसानंतर तुमचा रविवार संपला. त्याऐवजी रोज रात्री दहा मिनिटं.

हे मी उगाच सांगत नाही. रॉबर्ट सियाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचांवर त्यांनी पत्रकं अडकवून ठेवली. जमीन आधीच घाण होती तिथे माणसांनी पत्रक खाली टाकण्याचं प्रमाण जास्त, स्वच्छ होती तिथे कमी. आपल्याला हे ठाऊकच आहे, पण यातून जे निघतं ते आपण करत नाही. पहिली पिशवी टाकायला माणूस कचरतो. दुसरी टाकणाऱ्याला वाटतं, जागा याचसाठी आहे. तुमच्याकडे पहिली पिशवी सोमवारी रात्री पडते आणि रविवारपर्यंत तशीच पडून राहते, म्हणजे सगळ्या गल्लीला ती परवानगी देत बसते. ती पहिली पिशवी सोमवारी रात्रीच उचलली, तर बाकीच्या अर्ध्या येणारच नाहीत. तिघं उरला आहात ना? पुरेत की. आठवड्यातले दोन-दोन दिवस वाटून घ्या, सातव्या दिवशी गळालेल्या चौघांपैकी एकाला मस्का लावा. दोन तास खपायला न येणारा माणूस जेवणानंतर शतपावलीला आनंदाने येतो.

कॅमेऱ्याबद्दल विचारलंत. मी तरी त्यावर पैसे घालणार नाही. कॅमेऱ्याला चेहरा दिसतो, कारण दिसत नाही, आणि कारण जागेवर असेपर्यंत कचरा फार तर वीस पावलं पुढे सरकतो, जिथे कॅमेरा पोचत नाही. दंड करण्याचा अधिकारही तुम्हाला नाही, तो पालिकेचा. मग त्या चित्रीकरणाचं होणार काय? पुन्हा "ओळखा पाहू". पाट्यांचंही तसंच. "येथे कचरा टाकणारा गाढव आहे" वगैरे मजकुरात आपल्या पुण्याचा हात कुणी धरणार नाही, पण अशा पाटीखाली उकिरडा नाही असं दृश्य मी फारसं पाहिलेलं नाही. पाटी लावायचीच तर उपयोगाची लावा: कचरा न्यायला किती वाजता येतात, निर्माल्याचा पिंप कुठे आहे, चुकलेल्या दिवशी काय करायचं. भिंतीवर देवांच्या टाइल्स लावायचा उपाय कुणीतरी सुचवेलच. तो नको. देवाला राखणीला बसवायचं आणि त्याच्या समोर थुंकणारे लोक बघत त्याला तिथेच ठेवायचं, हे मला पटत नाही.

काळजीचं थोडक्यात. हातमोजे जाड रबरी, पायात बंद बूट, उचलायला लांब चिमटा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसेल तर घ्या. सुई किंवा ब्लेड दिसलं तर चिमट्याने उचलून जाड बाटलीत टाका आणि झाकण लावा, नुसत्या पिशवीत नको, ती पिशवी पुढे कुणाच्या तरी हातात जाते. पावसाळ्यात पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो. आणि सोसायटीतल्या सगळ्यांना एकदा सांगा की डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्यायचे. ते हाताने वेगळं करत बसायची वेळ त्या ताईवर का यावी?

राहता राहिला राडारोड्याचा टेम्पो. तो बहुधा रात्री उशिरा येतो, आणि त्याला विचारपूस करून काही साधत नाही, कारण तिथे कुणाची अडचण नसते, खर्च वाचवायचा असतो. बांधकामाच्या राडारोड्याचे नियम वेगळे आहेत आणि त्याची विल्हेवाट लावणं ज्याच्या घरचं काम आहे त्याच्यावर आहे. टेम्पोच्या आडवे जाऊ नका, हुज्जत घालू नका. वेळ आणि गाडीचा नंबर वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी आरोग्य निरीक्षकाला नेऊन दाखवा आणि पोच घ्या. फोटो काढायची चिरंजीवांना एवढी हौस आहे, तर हे काम त्यांना द्या: नंबरप्लेट स्पष्ट आली पाहिजे, चालकाचा चेहरा आला नाही पाहिजे, आणि फोटो निरीक्षकाला जाईल, ग्रुपवर नाही.